गार हवेतून गरम पाणी

“पण हवाच मुळात गार,” दादा म्हणाले. “गार हवेतून तुम्ही ऊब काढणार कुठून?”

शिकलगारांच्या हातातली टेप भिंतीला लावलेली तशीच राहिली. आमच्या घराला हीट पंप बसवता येईल का, ते बघायला ते साताऱ्याहून आले होते. मागच्या अंगणात आम्ही चौघं उभे होतो, माझे वडील म्हणजे दादा, आई, शिकलगार आणि मी. पाचगणीतली डिसेंबरची सकाळ. सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं, पण अंगणात अजून उतरलं नव्हतं. जो बोलेल त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

“साहेब, घरात फ्रीज असतो ना,” शिकलगार म्हणाले, “तो आतली गरमी काढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हे त्याच्या उलट. बाहेरच्या हवेतली गरमी ओढायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. हवा आपल्याला गार लागते, पण तिच्यात गरमी असतेच. इथल्या थंडीतसुद्धा.”

दादा ऐकत होते, मान हलवत होते. शिकलगारांचं संपल्यावर म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण हवा गार आहे.”

आई हसली, जरा मोठ्यानंच. “ते तुमची परीक्षा घेतायत,” ती शिकलगारांना म्हणाली. “जन्मभर वीज मंडळात इंजिनिअर होते. कुणी काही बसवायला आलं की आधी परीक्षा.”

शिकलगार हसले. दादाही हसले. मला मात्र काही कळेना. फ्रीज कसा चालतो हे मला दादांनीच शिकवलं होतं. मी शाळेत असताना त्यांनी माझ्या मनगटावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता, वर फुंकर मारली होती आणि विचारलं होतं, “गार का लागलं? सांग. तुझी ऊब घेऊन कोण पळालं?” पुढं कितीतरी दिवस मी मैत्रिणींच्या मनगटावर स्पिरिट चोळत हिंडत होते. तोच माणूस आज हवा गार आहे, हवा गार आहे, एवढंच म्हणत होता. परीक्षा घेताना दादांच्या डोळ्यांत एक मिस्कील चमक असायची. मी ती शोधत होते. ती कुठं दिसत नव्हती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा कराडला बँकेत होते आणि रजा टाकून आले होते, कारण दिवाळीनंतर आई न्हाणीघरात बेशुद्ध पडली होती.

न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. खोली लहान, वर एकच खिडकी. गॅस जळताना खिडकी उघडी नसेल तर आत विषारी हवा साठते, हे दादांनी घरात सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. आमच्याकडे मागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरायचे. इथल्या निवासी शाळांत मुलं ठेवलेले आईबाप शनिवार-रविवारी भेटायला येत, ते आमच्याकडे राहत. त्या पाहुण्यांनाही दादा आधी खिडकी दाखवायचे आणि मग गीझर. कुणी थंडीनं खिडकी लावून घेऊ नये म्हणून त्यांनी ती तारेनं गजाला पक्की आवळून टाकली होती. उघडीच राहणार, कोणाच्या बापाला लावता येणार नाही, असं म्हणायचे.

त्या दिवशी ती खिडकी बंद होती.

दादा पुढच्या खोलीत होते. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून त्यांनी हाका मारल्या, मग खांद्यानं दार तोडलं आणि आईला ओढून अंगणात आणलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. दादांचा खांदा त्यानंतर कितीतरी दिवस काळानिळा होता.

“खिडकी कोणी लावली?” मी फोनवर विचारलं होतं.

“मीच,” आई म्हणाली. “धुकं आत येत होतं. गारठले होते.”

मी तिला खूप बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

तेव्हापासून गीझर बंद होता. आई चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसच्या शेगडीवर, पातेल्यात पाणी तापवून आंघोळीला नेत होती. या वयात उकळत्या पाण्याचं पातेलं उचलून चालणंही मला बरं वाटेना. सोलर बसवावा तर चार महिने धुकं आणि पाऊस, त्यात डोक्यावर ओकची झाडं. विजेचा मोठा गीझर लावला तर पाहुणे असताना आमच्या जुन्या वायरिंगला ते झेपलं नसतं. बँकेतल्या एका गिऱ्हाइकानं मला हीट पंपाबद्दल सांगितलं. घरात ज्योत नाही, धूर नाही, यंत्र बाहेर आणि पाणी टाकीत. मला ते ऐकूनच सुटल्यासारखं झालं. दादा यंत्राचे शौकीन. ते तर उडीच मारतील, असं मी धरून चालले होते.

शिकलगारांनी घर नीट बघितलं. वीज मीटर बघितला, टाकीची जागा बघितली, न्हाणीघरापर्यंतचं अंतर मोजलं. मग आम्ही चहाला आत बसलो.

“घर चांगलं आहे यासाठी,” ते म्हणाले. “मागं मोकळी जागा आहे. याला मोकळी हवा लागते, बंद खोलीत कोंडला तर काम करत नाही. आवाज येईल थोडा, पण तो शेजाऱ्यांच्या बाजूला नाही. थंडीत पाणी तापायला जरा जास्त वेळ घेईल, हे आधीच सांगतो. नंतर तुम्ही म्हणायला नको.”

“आणि वीज गेली तर?” दादांनी विचारलं.

“टाकीत तापलेलं पाणी दिवसभर टिकतं, साहेब. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गेली तर मात्र गार पाण्यानं आंघोळ. खोटं बोलणार नाही.”

मला वाटलं, हा दादांसारखाच प्रश्न होता. आता गाडी रुळावर आली. शिकलगार पुढं सांगू लागले, एकदा तापमान ठरवून दिलं की रोज हात लावायची गरज नाही, आपोआप चालू होतं, आपोआप थांबतं. दादांनी बशी खाली ठेवली.

“आणि वीज गेली तर?”

मी त्यांच्याकडे बघितलं. शिकलगारांनी आईकडे. आई झटकन उठली. “चिवडा राहिलाच की द्यायचा,” असं म्हणून आत गेली आणि आतूनच ओरडली, “अहो, जरा इकडं या, वरचा डबा निघत नाहीये मला.”

दादा आत गेले. शिकलगार हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, साहेबांच्या मनात नसेल तर घाई करू नका. घरात दोघांचं एकमत नसलं की यंत्र कितीही चांगलं असू दे, तक्रारीच येतात.”

“बघते मी,” मी म्हणाले. “कळवते.”

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. दादा पुढं पेपर घेऊन बसले होते.

“दादांचं काय बिनसलंय?”

“कुठं काय?”

“तेच तेच विचारत होते. तो माणूस बिचारा घर बघायला एवढ्या लांबून आला आणि हे त्याला खेळवतायत.”

“वय झालं की माणूस हेका धरतो,” आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाठ करून भाजी चिरायला घेतली. “तू त्यांना विचारत बसू नकोस, वैजू. बसवून टाक तो पंप. जेवढ्या लवकर होईल तेवढं बरं.”

“त्यांना न विचारता?”

“हो.”

आईनं उभ्या आयुष्यात दादांना न विचारता घरात खुर्चीसुद्धा आणली नव्हती. मला वाटलं, ती अजून त्या दिवसाच्या धक्क्यात आहे.

संध्याकाळी दादा म्हणाले, “वैजू, त्या माणसाला नको म्हणून कळव.”

“का पण?”

“आपल्या घराला नाही मानवणार ते.”

“कशानं? सगळं तर जमतंय. आवाजाचा प्रश्न नाही, जागेचा नाही, वायरिंग…”

“नाही मानवणार म्हटलं ना.” त्यांचा आवाज चढला. दादा आमच्यावर आवाज चढवत नसत. स्वतःच दचकल्यासारखे झाले आणि उठून बाहेर गेले.

मी आईकडे वळले. आता ती माझ्या बाजूनं बोलेल, असं मला वाटलं होतं.

“नको म्हणतायत तर राहू दे,” ती म्हणाली.

“आई! सकाळी तर तू म्हणालीस, विचारत बसू नकोस.”

“सकाळचं सकाळी गेलं.”

मी वैतागून न्हाणीघराकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. गीझर भिंतीवर होता, नवं दार अजून रंगवलेलं नव्हतं. मी बादली पालथी घालून वर चढले आणि खिडकी बघितली. दादांनी आवळलेली ती जाड तार खिडकीच्या कठड्यावर पडली होती. कुणी ओढून तोडलेली नव्हती. पीळ एकेक करून उलटा उलगडलेला होता, सावकाश, व्यवस्थित.

मी तार घेऊन आईकडे गेले. “ही तू सोडलीस?”

“हो.”

“हातानं?”

“पकडीनं.”

“आई, तू पक्कड घेऊन बादलीवर चढलीस आणि ही तार सोडवलीस? आंघोळीला जाताना?”

“वैजू,” आई म्हणाली, “तू बँकेतली चौकशी इथं लावू नकोस.” तिनं माझ्या हातातून तार घेतली आणि केराच्या डब्यात टाकली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या दिवशी घरात तिसरं माणूस नव्हतं. आईनं तार सोडलेली नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. मग उरलं कोण? ज्यानं ती आवळली होती आणि ज्यानं खांदा काळानिळा होईपर्यंत दार तोडलं होतं, तोच माणूस. मनात नको ते येऊन गेलं. एका माणसाच्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसेनात. बाजूच्या खोलीत आई दादांना काहीतरी वाचून दाखवत होती. गणपतीपासून तिनं पाहुणे घेणं बंद केलं होतं. दमते म्हणाली होती. पण दमलेल्या माणसासारखी ती मला दिसत नव्हती. पहाऱ्यावर असल्यासारखी दिसत होती.

सकाळी मी ठरवलं की दादांना घेऊन भिलारला जायचं. तिथं राजपुरे म्हणून एकांचं छोटं लॉज होतं आणि त्यांच्याकडे असा पंप चालू आहे, असं शिकलगारांनी सांगितलं होतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय दादांचा विश्वास बसत नाही, एवढी साधी गोष्ट असेल, अशी माझी समजूत. दादा लगेच तयार झाले.

“मी पण येते,” आई म्हणाली.

“तू कशाला? तासाभरात येतो आम्ही.”

“मग जेवून जा.”

“आई, आत्ता नऊ वाजतायत.”

तिनं दादांचा स्वेटर आणून त्यांना घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मला म्हणाली, “त्यांच्याजवळच राहा.” मला वाटलं, रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल बोलतेय.

भिलारला दादा एकदम जुने दादा झाले. लॉजच्या मागं पंप घरघरत होता. राजपुरे कौतुकानं दाखवायला आले, तर दादांनीच त्यांना दाखवायला सुरुवात केली. “हा पंखा हवा आत ओढतो. या जाळीत एक द्रव फिरतो, तो इतका गार असतो की त्याच्यापुढं आपली ही पाचगणीची हवासुद्धा गरम. म्हणून हवेतली ऊब त्याच्यात जाते. आलं लक्षात? पाणी जसं वरून खाली येतं, तशी ऊब गरमाकडून गाराकडं जाते. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबलं की तापतं. सायकलला हवा भरताना पंप तापतो की नाही हाताला?”

“तापतो की,” राजपुरे म्हणाले.

“तेच. आणि तापलेलं ते टाकीतल्या पाण्याभोवती फिरवायचं. वैजू, या नळीला हात लावू नकोस, भाजेल. ही दुसरी बघ, ही गार असेल.” मी हात लावला. गार होती. दादांनी राजपुऱ्यांना विचारलं, “जास्त थंडी पडली की जाळीवर बर्फ धरतो का?” राजपुरे म्हणाले, एक-दोनदा धरला होता, आपला आपण वितळला. “हां, तसंच पाहिजे,” दादा म्हणाले. “आणि तुमचं हे पाइपाचं वेष्टन सुटलंय. निम्मी ऊब रस्त्यातच जात असेल.”

मी बाजूला उभी राहून ऐकत होते. इतकं सोपं करून शिकलगारांनाही सांगता आलं नव्हतं. मला हसू यायला लागलं. म्हणजे आई खरंच बोलत होती. खरंच परीक्षा चालली होती. मी रात्रभर काय काय विचार करत बसले होते, त्याची मला लाज वाटली. राजपुऱ्यांनी निघताना स्ट्रॉबेरीचा खोका दादांच्या हातात दिला. “साहेब, पुन्हा या,” म्हणाले. “माझ्याच पंपाचं मला आज कळलं.”

परतीच्या रस्त्यावर ऊन छान पडलं होतं. दादा खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि एकेक स्ट्रॉबेरी खात होते. मलाही देत होते. मी गाणं म्हणायचंच काय ते बाकी होतं.

“मग,” दादा म्हणाले, “उद्या जाऊ या का तो पंप बघायला?”

मी हसले. “कुठला?”

“अगं, भिलारला कुणाकडं तरी आहे म्हणालीस ना. नुसतं ऐकून काही कळत नाही. एकदा चालू असलेला बघायला पाहिजे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, अगदी सहज, पुढच्या स्ट्रॉबेरीचं देठ काढत. मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

त्यांनी माझा चेहरा बघितला. मग मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं, खोक्यावर लॉजचं नाव छापलेलं होतं, ते वाचलं.

“जाऊन आलो का आपण?”

“हो, दादा.”

“आत्ता?”

“आत्ताच. तिथूनच येतोय.”

“मी काही बोललो तिथं?”

“खूप बोललात. त्यांना सगळं समजावून सांगितलंत.”

“बरोबर सांगितलं?”

“अगदी बरोबर सांगितलंत.”

त्यांनी मान हलवली. खोका मांडीवरून उचलून पायाशी ठेवला आणि रुमालानं हात पुसले, एकेक बोट. समोरून एक ट्रॅक्टर गेला.

“काल तो माणूस सांगत होता,” ते म्हणाले, “शब्द सगळे कळत होते मला. पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निघून जायची. काय विचारलं होतं आणि काय नाही तेही राहत नव्हतं. म्हणून म्हटलं, नकोच ते.”

“दादा, हे कधीपासून?”

“तुझ्या आईला विचार. मला कसं आठवणार?” ते जरासे हसले. मग हसू गेलं. “म्हणजे खिडकीची तारही मीच सोडली असणार.”

“आई म्हणते तिनं सोडली.”

“तिला पक्कड धरता येते का?”

मी गाडी परत चालू केली.

“दार तोडलेलं आठवतं मला,” ते म्हणाले. “ती फरशीवर पडली होती तेही आठवतं. त्याच्या आधीचं काही नाही. रोज आठवायला बसतो मी. तिला वाटतं, मी पेपर वाचतोय.”

घरी आलो तेव्हा आई फाटकातच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं आधी दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला समजलं. आम्ही पायरीवरच बसलो. आत जायचं कोणाला सुचलं नाही.

“इंदू,” दादा म्हणाले, “खिडकी मी लावली होती ना?”

“मी लावली होती.”

“इंदू.”

आईनं पदर हातात घेतला आणि सोडला. “तुम्ही पाणी काढायला आत गेला होता,” ती म्हणाली. “रोज काढता तसं. बाहेर येऊन म्हणालात, जा, आज तुला थंडी वाजायची नाही.”

दादांनी डोळे मिटले.

“मी वर बघितलंच नाही,” आई म्हणाली. “मीही बघायला पाहिजे होतं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“कशाला सांगू? तुम्ही म्हणाला असता, मला कुठंतरी नेऊन ठेवा.”

“ठेवायलाच पाहिजे. उद्या आणखी काही केलं मी तर?”

“म्हणून नाही सांगितलं,” आई म्हणाली. “मला ठाऊक होतं तुम्ही हेच म्हणणार. तुम्हाला ठेवायचं आणि मी इथं या भिंतींशी बोलायचं? मी तुमच्या मागं राहते ना दिवसभर. राहीन. पाहुणे बंद केले, मला आता दुसरं काम काय आहे?”

“आणि तू झोपलीस की?”

कराडचं घर, भावाचं नाशिकचं घर, बाई ठेवणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम फिरायला लागलं आणि एकही गोष्ट जागेवर बसेना. मी म्हणाले, “आपण डॉक्टरांना दाखवू, साताऱ्याला.” आई म्हणाली, “दाखवलंय.” म्हणजे हेही मला ठाऊक नव्हतं.

दादा उठले. “वैजू, त्या पंपवाल्याचा नंबर लावून दे.”

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ते पायरीखाली उतरले, एक हात पाठीमागे बांधून अंगणात येरझारा घालू लागले. वीज मंडळात असताना फोनवर ते असेच चालत बोलायचे.

“पार्टे बोलतोय, पाचगणी. हां, नमस्कार. तो पंप बसवायचा आहे. लवकर. टाकी लहान चालेल, आमच्याकडे आता पाहुणे नसतात, दोनच माणसं. अर्थिंग नवीन करा, जुन्यावर टाकू नका. पाइपाला वेष्टन नीट घाला, टोकापर्यंत. आणि येताना माणूस आणा, तो गॅसचा गीझर त्याच दिवशी उतरवून न्यायचा. घरात ठेवायचा नाही. तापमान तुम्हीच ठरवून द्या आणि ते बटण मला सापडणार नाही अशा जागी लावा. नाही, चेष्टा नाही करत.” ते थांबले, ऐकलं. “नाव इंदुमती रघुवीर पार्टे लिहा. बायकोच्या नावावर करा सगळं. काही विचारायचं असलं तर तिलाच विचारायचं.”

आई तोंडावर हात धरून बसली होती.

“आणि आणखी एक, शिकलगार,” दादा म्हणाले. आता त्यांचा आवाज बराच खाली आला होता. “उद्या-परवा मी तुम्हाला फोन करीन. कदाचित रागावून बोलेन. पंप नको म्हणेन. आमच्या घराला मानवत नाही, हवा गार आहे, असलं काहीतरी सांगेन. ते ऐकून घ्या. मी मोठा माणूस आहे म्हणून उलट बोलू नका. पण पंप घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर दादांनी शिकलगारांना फोन केला आणि पंप नको म्हणून सांगितलं. गार हवेतून गरम पाणी निघत नसतं, लोकांना फसवायचे धंदे बंद करा, असंही सुनावलं. आई आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून शिकलगार म्हणाले, “बरं, साहेब.”

सोमवारी ते पंप घेऊन आले. दादांनीच पुढं होऊन त्यांना फाटक उघडून दिलं.